नोटीस दातारांकडे आली

सदाशिव पेठेत करसल्लागार श्यामसुंदर दातारांच्या ऑफिसाबाहेर पाटी आहे : ‘खोट्या भाडेपावत्या आणू नयेत. अपमान केला जाईल.’ आणि करतातही हो! आयटीतला कुणी पोरगा रिटर्न भरायला येऊन “काका, थोडं ॲडजस्ट करा ना” म्हणाला, की दातार चष्म्यावरून बघतात आणि जिना दाखवतात. तीस वर्षांत एक खोटा आकडा भरला नाही, याचा त्यांना अभिमान आहे. जरा जास्तच आहे.

पण एक सवय त्यांनाही जडली होती. आयकराच्या पोर्टलवर अशिलाचं खातं उघडताना मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाकायचा. ओटीपीसाठी दरवेळी कुणाकुणाला फोन करत बसणार! काम झटपट व्हायचं, अशीलही खूश.

नसीमबानूंचं खातंही तसंच उघडलेलं. हडपसरच्या या निवृत्त शिक्षिका बावीस वर्षांच्या अशील; त्यांच्या शब्दावर गल्लीतली चाळीस घरं दातारांकडे आलेली. त्यांच्या निवृत्तीच्या रकमेबद्दल खुलासा मागणारी नोटीस आली, ती दातारांच्या ईमेलवर. जुलैच्या रिटर्नांच्या गर्दीत ती न वाचता तशीच पडून राहिली. उत्तराची मुदत उलटली आणि कराची मागणी टपालाने थेट बाईंच्या घरी गेली.

तो कागद घेऊन बाई आल्या त्याच ओशाळलेल्या. “दातारसाहेब, चूक माझीच. शाळेचा दाखला मी उशिरा दिला, म्हणूनच झालं ना हे?”

दाखल्याचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. नुसतं ‘हं’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. बाईंना जन्मात कळलं नसतं, आणि चाळीस घरंही हातची गेली नसती. दातार घटाघट पाणी प्यायले. मनातून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“नाही हो,” ते शेवटी म्हणाले. “नोटीस माझ्याकडे आली होती. मी वाचलीच नाही. दुरुस्तीचा अर्ज आजच करतो. व्याज-दंड बसला तर मी भरेन.”

“माझी नोटीस तुमच्याकडे कशी आली?”

दातारांनी नंबर-ईमेलचं सगळं सांगितलं.

“म्हणजे सरकार मला विचारत होतं आणि मला पत्ताच नाही! आठ दिवस झोप नाही मला, स्वतःलाच बोल लावत होते.”

“तुमचा नंबर, ईमेल आत्ता घालतो.”

“घालाच. आणि बाकीच्या चाळीस घरांचं काय?”

दातार घाईघाईने कीबोर्डकडे वळले.

“त्यांचंही असंच ना? मग मला एकटीला सांगून सुटलात होय? लावा फोन. मी बसलेय इथे.”

दातारांनी यादी काढली आणि पहिला फोन नसीमबानूंच्या शेजारी राहणाऱ्या शमशुद्दीनभाईंना लावला. आपला नंबर त्यांच्या खात्यावर आहे, तो काढून त्यांचा घालायचाय, एवढं कसंबसं सांगितलं.

“अहो, राहू द्या की साहेब,” पलीकडून शमशुद्दीनभाई हसले. “तुमच्यावर पुरा भरवसा आहे आमचा.”

दातारांनी समोर बसलेल्या बाईंकडे पाहिलं.

“नसीमबानूंचाही होता,” ते म्हणाले.