मनोऱ्यावरून दिसणारा रस्ता

ज्या इमारतीच्या पडवीत बसून मी आजवर या शहराची गाऱ्हाणी शब्दबद्ध केली, तिच्याविषयी लिहिण्याचा अधिकार माझ्याइतका अन्य कोणास असेल, असे मला वाटत नाही. मी अर्जनवीस आहे. नववीच्या पुढे शाळेने मला नेले नाही. तथापि जमिनीच्या फेरफारापासून निवृत्तिवेतनापर्यंत सर्व विषयांत माझी लेखणी चालते, आणि रायपूरच्या कचेऱ्यांत माझा अर्ज अक्षरावरून ओळखला जातो. माझे टेबल जुन्या दमकल केंद्राच्या, म्हणजे अग्निशामक केंद्राच्या, पडवीत आहे, आणि माझा जन्म त्याच केंद्रामागच्या क्वार्टरांत झाला. वडील तेथे फायरमन होते.

ही इमारत स्वातंत्र्यानंतर लवकरच, आपल्या जुन्या प्रांताची राजधानी नागपूर असताना, उभी राहिली. नकाशा नागपुराहून आला, विटा येथल्या भट्ट्यांतल्या आणि हात आसपासच्या गावांतल्या गवंड्यांचे, असे वडील सांगत. समोर तीन उंच दरवाजे. त्यांच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली गच्ची, जिची दोन्ही टोके जहाजासारखी गोलाकार. गिलाव्यात आडव्या रेघा ओढलेल्या, जणू कोणी वहीच्या पानावर इमारत लिहिणार होता. मधल्या दरवाजावर सिमेंटची एक ज्वाला आहे. गवंड्याने नकाशात ज्वाला पाहिली असेल, पण त्याच्या हाताला ओळखीची होती ती भाताची लोंबी. त्यामुळे आमची ज्वाला थोडी वाकलेली आणि दाणेदार आहे. मला ती खऱ्या ज्वालेपेक्षा अधिक शोभिवंत वाटते.

आतली फरशी रस्त्याच्या दिशेने उतरती केलेली आहे. गाडी सुरू होण्यास कुरकुरली तर ब्रेक सोडताच तिने आपोआप रस्त्याकडे सरकावे, हा त्यामागचा विचार. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की चाकाखालचे लिंबू सुटून गडगडत जाई आणि आम्ही मुले त्याच्यामागे धावत सुटत असू. अजूनही कधी दुपारी झापड आली, की मला वाटते सबंध इमारतच हळूहळू रस्त्याकडे निघाली आहे, आणि टेबलासह मीही.

परंतु या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे उजव्या अंगाचा चौकोनी मनोरा. पूर्वी पाण्याचे पाइप कॅनव्हासचे असत. आग विझवून आले की ते धुऊन मनोऱ्यात उभे टांगायचे, नाहीतर कुजत. वर तुळईला लोखंडी कप्पी, तिच्यावरून दोर. एका टोकाला पाइप बांधायचा आणि दुसरे टोक धरून माणसांनी पटांगणात चालत जायचे. ते जितके दूर जात, तितका पाइप वर. मग पुढले दोन दिवस मनोऱ्याच्या आत पाऊस पडे. बाहेर रायपूरचा वैशाख, डांबर वितळलेले, आणि आत सिमेंटच्या जाळीतून उन्हाचे तुकडे पडलेले, त्यांतून थेंब उतरत आहेत, टप, टप. मी तळाशी उताणा पडून वर पाहत असे. उलट्या विहिरीच्या तळाशी पडल्यासारखे वाटे; पाणी वर आहे आणि आपण आकाशात आहोत.

मनोऱ्याच्या माथ्यावर चार खिडक्यांची एक खोली होती. उन्हाळ्यात तेथे एक माणूस पहाऱ्याला बसे, कारण गवती छपरांचे पारे, म्हणजे मोहल्ले, तेव्हा पुष्कळ होते आणि धूर टेलिफोनच्या आधी दिसे. वडिलांची पाळी वारंवार येई. बायकांना मात्र वर जाण्यास मनाई होती. नियम कोठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कोणी मोडला नाही.

क्वार्टरांतल्या बायकांना गाडी दिसे ती चौकातल्या वळणापर्यंत. घंटा घणघणू लागली की त्या हातचे काम टाकून गल्लीच्या तोंडाशी येत. गाडी वळे. मग केवळ घंटा ऐकू येई, मग तीही पातळ होत जाई, आणि मग काही नाही. माझी आई त्या वळणाकडे पाहत सबंध तारुण्य उभी होती, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

वडील निवृत्त झाले, आम्ही गुढ़ियारीला राहायला गेलो, वडील गेले. आता केंद्राचेही दिवस भरले. नवी इमारत दुसरीकडे बांधून झाली आहे, महिनाअखेरीस गाड्या तिकडे जाणार, आणि त्यानंतर मनोरा उतरवणार, कारण तो रस्त्याच्या रुंदीकरणात येतो. ही वार्ता मी रात्री जेवताना घरी सांगितली. आई भात कालवत होती. तिने हात थांबवला.

“बाबू, मले एक डाव वर जाचं हाये.”

“कुठं वर?”

“मनोऱ्यावर. गाडी वळणाच्या पुढं कशी जाये, कुठून जाये, मले कधी दिसलंच नाही. आता गाडी नसंल तं नसो. रस्ता तं दिसंल.”

माझ्या आईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचे मला आठवत नाही. तिचे गुडघे उंबरठा ओलांडतानाही हात मागतात. मी म्हणालो, उद्याच अर्ज करतो.

“तुमी अर्ज लिहान तवर मनोरा पडून जाईन,” पत्नी म्हणाली. तिने वाढलेला भात संपवून मी कागद काढले.

अर्ज तीन पानांचा झाला. त्यात मी वडिलांची सेवा, मातेचे वय, इमारतीचा इतिहास आणि स्त्रीजातीवर झालेला अलिखित अन्याय, ही चारही अंगे क्रमाने मांडली. हिंदीत लिहिलेला माझा हा सर्वोत्तम अर्ज असावा. संबंधित साहेबांनी तो शांतपणे अखेरपर्यंत वाचला.

“भाषा तो अद्भुत है आपकी,” ते म्हणाले. “पर इसमें माँगा क्या है?”

“माताजी को मीनार पर चढ़ना है.”

“तो चढ़ जाएँ. हमने कब मना किया?”

मी अर्ज घेऊन केंद्रावर परतलो आणि पाळीच्या प्रभारींपुढे ठेवला. ते इकडल्याच खेड्यातले, चाळिशीचे, सतत काहीतरी पुसत असणारे गृहस्थ. त्यांनी तो वाचला नाही. एवढेच विचारले, “दाई ह कइसे चढ़ही, भैया?”

आई चढणार कशी, हे विचारणे रास्त होते, कारण आत आहे ती भिंतीत ठोकलेली उभी लोखंडी शिडी. या प्रश्नाला माझ्या तीन पानांत उत्तर नव्हते.

तरी रविवारी सकाळी मी आईला घेऊन आलो. तिने पांढरे नऊवारी लुगडे कासोटा घट्ट मारून नेसले होते. मनोऱ्याच्या तळाशी उभी राहून ती मान मागे टाकून वर पाहत राहिली. जाळीतून येणारे ऊन तिच्या चेहऱ्यावर चौकोनाचौकोनाने पडले होते. पाइप आता प्लॅस्टिकच्या जातीचे, त्यांना टांगावे लागत नाही. मनोरा कोरडा होता. मला मात्र पाण्याचा वास आला.

मी तिला समजावले, की शिडी तिच्याने होणार नाही, इथूनच पाहून घे.

“शिडीवर कोन जाते?” आई म्हणाली. “पाइप कसे जात होते वर? पाइपाले का पाय होते?”

भोवती जमलेले केंद्रातले जवान हसले. प्रभारी हसले आणि मग एकाएकी हसायचे थांबले. त्यांनी कप्पीकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि एका जवानाला नवा दोर आणायला पाठवले.

पुढचा तास त्यांनी ज्या काळजीने काम केले, तशी काळजी कचेरीत एखाद्या फायलीची घेतलेली मी पाहिलेली नाही. कप्पीला तेल घातले. एक दोर ओढण्याचा, दुसरा सुरक्षेचा. गाळात अडकलेल्या माणसाला वर काढताना बांधतात ती खुर्ची-गाठ बांधली, जिचा एक फास काखेखाली येतो आणि दुसरा गुडघ्यांखाली. आधी वाळूची पोती चढवून उतरवली. मग प्रभारी म्हणाले, “पहिली भैया ला चढ़ाबो. भैया ह दाई ले दुगुना हे.”

माझ्यासारख्या माणसाने दोराला लोंबकळणे योग्य की अयोग्य, हा विचार माझ्या मनात पूर्ण होण्याआधीच माझे पाय जमिनीवरून सुटले होते. मी हवेत एक मंद गिरकी घेतली.

“बस झालं,” आई खालून म्हणाली. “याचा अर्ज मंजूर झाला. उतरवा त्याले.”

शिडीने मी आधी वर गेलो. कसा गेलो ते माझ्या धापेला ठाऊक. माथ्यावर एक जवान होता. आम्ही दोघे खोलीच्या फरशीतल्या चौकोनी तोंडातून खाली वाकून पाहू लागलो. चार जवान दोर खांद्याला लावून पटांगणात चालू लागले, सावकाश, पालखी नेल्यासारखे, आणि माझी आई जमिनीवरून उचलली गेली.

ते दृश्य मी जसे पाहिले तसे लिहिणे माझ्या लेखणीलाही कठीण आहे. ती बसल्या बसल्या वर येत होती. दोन्ही हातांनी दोर धरलेला, अनवाणी पावले एकमेकांना जोडलेली. जाळीच्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना ती उजळे, मंदावे, पुन्हा उजळे. पांढरे लुगडे थोडे फुगले होते. ती काहीतरी पुटपुटत होती, देवाचे नाव असेल म्हणून मी कान दिला, तर ती म्हणत होती, “येथं चुना फुटला. येथं पाखराचं घर.” आमच्या दोघांतले अंतर कमी होत गेले आणि क्षणभर मला वाटले, ती वर येत नसून मीच तिच्याकडे पडत आहे, लहान होत.

जवानाने तिला आत घेतले, गाठ सोडली. चारी खिडक्यांतून वारा आला. ती एकेका खिडकीशी गेली. पंडरीच्या बाजूला कापडाच्या जाहिराती आणि काचेच्या इमारती, चौबे कॉलनीच्या बाजूला झाडांचे शेंडे आणि पाण्याच्या काळ्या टाक्या, आणि आमच्या गुढ़ियारीच्या बाजूला रेल्वेचे रूळ, उन्हात ओल्या सुतासारखे. तिने वळण शोधले. बोट धरून रस्ता पुढे नेऊ लागली, पण उंच इमारतींमागे तो तिच्या बोटातून सुटून जाई.

“गाडी असती तं तिच्यामागं नजर गेली असती,” ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच्याच गालावर चापटी मारली. “आग लागावी असं कोनी म्हनते का!”

घंटा वाजली ती त्यानंतर काही वेळाने. जवानाने शिडीवर पाय टाकला. खाली दोर धरणारे चौघे दोर सोडून धावले. इंजिन घुमले, लाल गाडी दरवाजातून बाहेर पडली, आणि गाडीच्या खिडकीतून प्रभारींचा आवाज आला, “झन डराबे दाई, हमन तुरते आबो!”

मनोऱ्यावर आम्ही दोघेच राहिलो. खाली टेलिफोनपाशी एकटा माणूस. त्याच्याने आई उतरण्यासारखी नव्हती.

“आई, घाबरू नको,” मीही म्हणालो.

“मी काहून घाबरू? तू शिडी सोडून इकडं ये. पाह्य.”

गाडी चौकात आली आणि वळली. आईचा हात खिडकीच्या कठड्यावर आवळला. वळणापुढे गाडी दिसत होती. वरून ती खेळण्याएवढी, पण लाल. पुढच्या रिक्षा आणि मोटारी दोन्ही बाजूंना सरत होत्या.

“वाट देऊन राहिले लोक,” आई अविश्वासाने म्हणाली. “सगळे वाट देतेत!”

एका इमारतीने गाडी झाकली. आईने श्वास धरला. गाडी पलीकडून निघाली. पुन्हा झाकली, पुन्हा निघाली. रुळांच्या अलीकडे मोकळ्या जागेवर, जेथे भंगाराची गोदामे आहेत, तेथून काळा धूर उभा राहत होता. तो गाडीच्याही आधी आईला दिसला. आणि मग रेल्वेच्या पुलाखाली गाडी अडकली. ट्रक आडवा असावा. लाल ठिपका हलेना. धूर जाड होत गेला.

“जा नं,” आई म्हणाली. “जा नं माह्या बापा.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. किती वेळ गेला कोण जाणे. ठिपका हलला, पुलाखाली शिरला, आणि नंतर दिसला नाही. आम्ही केवळ धूर पाहत राहिलो. तो वाकला, पसरला, आणि मग बुडापासून फिकट होऊ लागला; आधी राखेसारखा, मग दुधासारखा.

“पांढरा झाला,” आई म्हणाली. “पानी पोचलं.”

ती भिंतीला टेकून खाली बसली. पदराने मान पुसली. मी विचारले, जे पाहायचे होते ते पाहिले ना?

वारा एका खिडकीतून येऊन दुसरीतून जात होता आणि शहर खाली कोणी झोपेत कूस बदलावी तसे आवाज करत होते.

“बरं झालं तवा दिसत नव्हतं,” ती शेवटी म्हणाली. “हे असं पुलाखाली थांबलेलं रोज पाह्यलं असतं तं मी त्याइले नोकरीवर जाऊच देल्लं नसतं. मंग तुमी काय खाल्लं असतं?” आणि ती हसली. “पन दिसलं. दिसलं बरं.”

गाडी परतली तेव्हा ऊन पटांगणाच्या मध्यावर आले होते. घंटा नव्हती, परतताना वाजवत नाहीत. जवान एकेक करून उतरू लागले, तोंडे काळी, पाठी भिजलेल्या. आई उठली, खिडकीशी गेली आणि कठड्यावरून इतकी ओणवी झाली की मी तिच्या कमरेला धरले.

“सगळे आले का रे?” तिने वरून हाक दिली.

प्रभारींनी मान वर केली. “हव दाई, सब्बो आ गेन!” मग डोक्यावरची टोपी काढत विचारले, “अब उतारन?”

“थांबा,” आई म्हणाली. “आधी हातपाय धुवा, चहा घ्या. मी कुठं चालली?”