काचेतली करंडी

राहीच्या हातची सुपं आणि टोपल्या मुरबाडच्या बाजारात जायच्या. करंडी कधी गेली नाही.

सिद्धगडाच्या पायथ्याशी, जिथे एसटी वळून परत फिरते, तिथून अर्धा तास चढलं की ठाकरांची बारा-पंधरा घरं लागतात. वरच्या अंगाला राहीचं घर. नवरा नवसू बांबू तोडून आणतो. राही तो चिरते, सोलते, विणते. कामट्या ती इतक्या पातळ काढते की उन्हात धरल्या तर पलीकडचा उजेड दिसतो. सुपं, टोपल्या, कोंबड्या झाकायची डालगी, यांना गिऱ्हाईक कोणीही चालतं. करंडीचं तसं नाही. करंडी म्हणजे दोन ओंजळी तांदूळ मावतील एवढी, झाकणाची, राहीच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या विणली जाणारी. पाड्यातली मुलगी लग्न होऊन निघाली की माहेरचे तांदूळ ती त्या करंडीतून नेते.

तिची एक रीत आहे. मुलीच्या आईने मूठभर तांदूळ घेऊन राहीकडे यायचं, मुलगी कुठल्या गावी दिली ते सांगायचं, आणि मगच राहीने बांबूला कोयता लावायचा. विणून झाली तरी शेवटच्या कामटीचं टोक आत खोचायचं नाही. ते दोन बोटं बाहेर ठेवायचं. नवरी उंबरा ओलांडून आत आली की सासू आपल्या हाताने ते टोक खोचते. तोवर करंडी अर्धीच. राहीच्या सासूने, गिरजाने, तिला हे शिकवलं तेव्हा एवढंच बजावलं होतं, "ही इकाची नाय. इकत घेतलेल्या करंडीचं टोक कोन खोचनार?" राहीने तिला शब्द दिला होता. गिरजा जाऊन आता अठरा वर्षं झाली.

शेजारचं घर सावळीचं. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन पाड्यात आल्या, एकाच विहिरीवर रडल्या आणि तिथेच हसायलाही लागल्या. सावळीची मुलगी रंजिता राहीच्या ओटीवर वाढली. कामट्यांच्या कचऱ्यात बसून पाढे म्हणायची. आश्रमशाळेत शिकली, मग मुरबाडच्या कॉलेजात, आणि गेल्या वर्षी मुंबईत नोकरीला लागली. परदेशातून मोठमोठी जहाजं येतात, त्यातले प्रवासी एक दिवस खाली उतरतात, त्यांना आठवण म्हणून न्यायच्या वस्तू विकणारी कंपनी होती.

"जहाज म्हंजे केवढं गो?" राहीने विचारलं होतं.

"आपला पाडा, खालचं गाव आन मुरबाडचा बाजार. समदं मावंल त्यात."

"आन म्हशी?" नवसू म्हणाला.

"म्हशींना येगळा मजला हाय, काका."

नवसूला ते इतकं आवडलं की आठवडाभर तो भेटेल त्याला म्हशींचा मजला सांगत फिरत होता.

दिवाळी उलटून गेल्यावर रंजिता एका दुपारी आली. सावळी शेतावर होती. रंजिताने ओटीवर बसून बराच वेळ एक कामटी बोटांना गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मावशे, मला करंडी पायजे."

राहीचा हात थांबला. "कुनाची?"

"माझी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगा सापगावचा, नाव ओमकार, शहापूरला कामाला. बोलणं झालंय, पण त्याच्या घरचे अजून पुरते तयार नाहीत. आईला इतक्यात सांगायचं नाही; ती लगेच पाड्यात बोलेल, आणि फिसकटलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. चैत्रापर्यंत सगळं जुळेल. पण करंडी आधी हातात असली की धीर येईल.

"तांदूळ तुज्या आयनं आनायचे असत्यात," राही म्हणाली.

"तू माझी आयच ना?"

राहीला स्वतःचं मूल नव्हतं, आणि ही गोष्ट पाड्यात कोणी तिच्यासमोर काढत नसे. रंजिताने ती अशा गोड बाजूने काढली की राही उठून आत गेली. तिने आपल्याच मडक्यातले तांदूळ मुठीत घेतले, सापगावचं नाव घेतलं आणि कोयता उचलला.

तशी करंडी तिने त्याआधी विणली नव्हती. बांबू तिने स्वतः नवसूबरोबर जाऊन निवडला. झाकणावर गिरजा काढायची ती मोरपिसाची वीण घातली. ती वीण इतकी बारीक की चार दिवसांनी तिचे डोळे चुरचुरायला लागले. रंजिता मध्येच येऊन फोनवर तिचे फोटो काढायची. हातांचे, चेहऱ्याचे, ओटीचे.

"माझं कशाला गो? नवरी तू."

"आठवन राहील, मावशे."

करंडी झाली. टोक बाहेर ठेवलं. रंजिताने ती ओढणीत गुंडाळून नेली. सावळीपासून राहीने तीस वर्षांत लपवलेली ती पहिली गोष्ट. विहिरीवर सावळी म्हणायची, "पोरीचं कुटं बघाया पायजे गो आता," आणि राही हंड्यात बघत राहायची. आतून तिला हसू यायचं. चैत्रात सावळीला कळेल तेव्हा ती आधी भांडेल आणि मग मिठी मारेल, हेही राहीने मनाशी ठरवून टाकलं होतं.

माघात रंजिता कंपनीची गाडी घेऊन आली. बंदरावर जहाज लागणार होतं. परदेशी लोकांना हाताने काम करणारी माणसं समोर बसलेली आवडतात; राहीने दिवसभर बसून टोपली विणायची, बस. सावळीने जाताना राहीच्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घालून दिली. "माज्या पोरीचं नाव राक," म्हणाली.

धक्क्यावर पोचल्यावर राहीने जहाज पाहिलं. ते तिला जहाज वाटलंच नाही. खिडक्यांचा डोंगर वाटला. रंजिताने तिला एका मोठ्या गार दालनात नेलं. ओळीने दुकानं, सगळीकडे पांढरे दिवे. कंपनीच्या दुकानापुढे सतरंजी अंथरली होती. राही त्यावर बसली, कामट्या सोडल्या, आणि मग मान वर केली.

मांडणीवर करंड्या होत्या.

दोन नव्हे, चार नव्हे. खालपासून वरपर्यंत ओळी. प्रत्येकीवर झाकण, प्रत्येक झाकणावर मोरपीस. तिने एक उचलली. हाताला ती गुळगुळीत लागली, नको इतकी गुळगुळीत, आणि नाकाला नव्या कपाटासारखा वास आला. कामट्या सगळ्या एका जाडीच्या, यंत्राने कापलेल्या. आणि कडेला ते टोक. दोन बोटं बाहेर. तिने अंगठ्याने ते दाबून पाहिलं. हललं नाही. डिंकाने चिकटवलं होतं. दुसरी उचलली. त्याच जागी, तेवढंच टोक, तसंच चिकटवलेलं. ज्यांनी हा माल बनवला त्यांना ते टोक का असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते नक्षी वाटलं होतं.

प्रत्येक करंडीला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. त्यावर इंग्रजीत काहीबाही, आणि राहीचा फोटो. मान खाली, ओठ जरासे विलगलेले, हातात कोयता. रंजितासाठी विणत असतानाची ती.

मांडणीच्या मधोमध काचेच्या पेटीत, दिव्याखाली, खरी करंडी ठेवली होती. ती ओळखायला राहीला उठावंही लागलं नाही.

"रंजे," ती म्हणाली. "ही हितं कशी?"

रंजिता गल्ल्यापाशी काहीतरी लावत होती. "मावशे, आत्ता नको. गिऱ्हाईक येतंय."

"सापगावचं काय झालं?"

रंजिताने तिच्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यानेच राहीला समजलं की सापगावात ओमकार नावाचा कोणी नव्हता.

गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारी परदेशी बाई होती. उन्हाने ठिपके पडलेले हात, गळ्यात चष्मा. अलीकडच्या दुकानांतले हत्ती, शाली, चकचकीत डबे हातात घेऊन तिने परत ठेवले होते. प्रत्येक वस्तू ती उलटी करून बघे. इथे तिने करंडी उचलली, फोटो पाहिला, मग सतरंजीवरची राही पाहिली, आणि तिचा चेहरा उजळला. ती भराभर बोलू लागली.

"ती म्हनते," रंजिता हसऱ्या आवाजात म्हणाली, "जगातल्या समद्या बंदरात तेच तेच हत्ती मिळतात. तिला खरं कायतरी पायजे. ही तूच केलीस का, इचारते."

बाई गुडघे टेकून राहीसमोर बसली. करंडी दोन्ही हातांत धरून, लहान मूल दाखवावं तशी तिने पुढे केली. तिच्या डोळ्यांत खोट नव्हती. राहीला आठवेना, शेवटचं कोणी आपल्या कामाकडे असं कधी पाहिलं होतं.

"नाय," राही म्हणाली. "सांग तिला. ही मी केली नाय. मी केली ती, ती काचेतली. आन ती इकाची नाय."

रंजिता बाईकडे वळली आणि इंग्रजीत बोलली. छान बोलली, हात हलवत, मध्येच राहीच्या खांद्यावर हात ठेवून. बाईने ऐकता ऐकता छातीवर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले.

मी असं काय बोलले की हिला रडू यावं, असं राहीच्या मनात आलं, आणि मग तिला कळलं की आपण जे बोललो ते या बाईपर्यंत गेलंच नाही.

तिने मान हलवली. जोराने, दोनदा, नाही म्हणून. बाई हसली आणि तिनेही आपली मान तशीच डोलवली. या देशातली माणसं मान हलवून होकार देतात, असं कोणीतरी तिला सांगितलं असावं. तिने तीन करंड्या घेतल्या. मग एका पुठ्ठ्यावरच्या फोटोखाली बोट ठेवून राहीपुढे पेन धरलं.

"सही कर, मावशे," रंजिता हळूच म्हणाली. "येते ना तुला. मीच शिकवलीय."

खरंच तिनेच शिकवली होती, सहावीत असताना, ओटीवरच्या मातीत काडीने. राहीने पेन घेतलं, सतरंजीवर आडवं ठेवलं आणि आपली टोपली पुढे ओढली. बाई थोडा वेळ थांबली. रंजिता काहीतरी बोलली, दोघी हसल्या, आणि बाई पिशवी घेऊन खिडक्यांच्या डोंगराकडे निघून गेली.

संध्याकाळपर्यंत राही विणत बसली. समोरून माणसं येत-जात होती, फोटो काढत होती. तिने पुन्हा मान वर केली नाही.

परतताना गाडीने कल्याण मागे टाकलं.

"कंपनीला नमुना पायजे होता," रंजिता शेवटी म्हणाली. "कुनाकडं नसंल असा. त्याच्यावरच माझी नोकरी कायम झाली. ते लोक बाहेरून बनवून मागवतात, माझ्या हातात नाय ते."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर दिली असतीस?"

"नाय."

"मग?"

राहीने बाहेर बघितलं. "माजी करंडी परत आन."

"ती कंपनीची झाली आता, मावशे. मला हात लावता येत नाय." मग थोड्या वेळाने, अगदी लहानपणच्या आवाजात, "आयला सांगू नको हां."

हे वाक्य राहीने दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ते ऐकताना तिला केवढा आनंद झाला होता.

वैशाख लागला आणि रंजिताचं लग्न खरंच ठरलं. तानशाच्या अंगाचा मुलगा, नाव भगीरथ, घरची थोडी शेती. सावळी सकाळीच आली. पदरात तांदूळ, डोळ्यांत पाणी, चालताना जमिनीला पाय लागत नव्हते.

"घे गो," तिने मूठ पुढे केली. "कवाधरनं वाट बघीत व्हते मी. तानशाला दिली."

नवसू ओटीवरून उठून आत गेला. त्याला सगळं माहीत होतं.

राहीला सांगायचं होतं. तुझ्या पोरीची करंडी झाली, मी केली, तुझ्या माघारी केली, तुझे तांदूळ माझ्या मडक्यातनं घेतले. ती आता काचेत आहे. पण यातला एक शब्द बोलला तर दुसरा बोलावा लागणार, आणि सगळे बोलून झाले की सावळीकडे लेकही उरणार नाही आणि मैत्रीणही. आणि न बोलता दुसरी विणायची, तर तोच बांबू, तीच वीण, तेच टोक. तिचे हात त्यावरून फिरतील तेव्हा तिला त्या मांडणीवरच्या ओळी दिसतील.

"हात दुकत्यात गो," ती म्हणाली. "नाय व्हायची माज्यानं."

सावळीला आधी वाटलं थट्टा आहे. ती हसली. मग तिची नजर ओटीच्या कोपऱ्यात गेली. तिथे कालच विणलेली चार सुपं एकावर एक ठेवली होती.

"सुपं व्हत्यात," ती म्हणाली. "माज्या पोरीची करंडी नाय व्हत."

राही खाली पडलेल्या कामट्या गोळा करू लागली.

"तिनं तुला मुंबई दावली. गाडीतनं नेली. तुजा फोटू थितं लावलाय, गोऱ्या बाया बघत्यात, समदं सांगितलंय तिनं मला. आन तू..." सावळीने मूठ मिटली. तांदूळ तिने पुन्हा पदरात बांधले, गाठ दोनदा मारली आणि पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी राही विहिरीवर गेली तेव्हा बायकांचं बोलणं थांबलं. तिने दोर सोडला. मागून कोणीतरी म्हणालं, हळू, पण तिला ऐकू जाईल इतकं, "आता साह्यबाच्या बाया लागल्या इकत घ्याया. आपल्या पोरी कुनाला पायजेत?"

सावळी तिथेच उभी होती, पाठ करून. तिने ते ऐकलं. इतकी वर्षं राहीबद्दल कोणी वावगं बोललं की सगळ्यांत आधी ती भांडायची. राहीने दोर हातात तसाच धरून ठेवला आणि थोडा वेळ वाट पाहिली. सावळीने आपला हंडा उचलून कमरेवर घेतला आणि ती वाटेला लागली.

राहीने पाणी वर ओढलं.