खुसपटबाई आणि अडकलेल्या गाड्या

खुसपटबाई कुणाचंही कौतुक ऐकलं की चष्मा काढून पुसायला घेत. समोरच्याचं बोलून संपलं की चष्मा डोळ्यांवर, आणि मग पहिला प्रश्न. त्या प्रश्नानंतर कौतुकात फारसं काही उरत नसे. नाव आम्हीच ठेवलेलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. "खुसपट काढते, कारण तुम्ही ते आत ठेवता," एवढंच म्हणाल्या.

आमची कंपनी गाड्यांचे चार्जर बनवायची. बाई नारायण पेठेतून स्कूटरने येत आणि त्या चार्जरच्या पोटातला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, तपासत. मी त्यांच्या हाताखाली होतो. आमचे साहेब परदेशात राहून आलेले. त्यांना क्रांती घडवायची होती. चार्जर नीट चालणं ही त्यांच्या दृष्टीने किरकोळ बाब.

पहिल्याच तपासणीत बाईंना दिसलं, की सगळ्या चार्जरना पासवर्ड एकच, आणि तो म्हणजे कंपनीचं नाव. "याला कुलूप म्हणत नाहीत, नक्षीकाम म्हणतात," त्या म्हणाल्या. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. इंटरनेटवरून नवं फर्मवेअर आलं, की ते कुणी पाठवलंय हे न विचारताच चार्जर ते स्वीकारायचा. मीटिंगमध्ये बाईंनी साहेबांना विचारलं, "अहो, रस्त्यावरच्या माणसाने दिलेलं इंजेक्शन आपण टोचून घ्याल का?"

साहेब हसले. "मॅडम, आपल्याला कोण हॅक करणार? आधी मार्केटमध्ये जाऊ, मग पॅच करू."

त्याच दुपारी बाई लॅपटॉप घेऊन पार्किंगमध्ये उतरल्या. साहेबांची गाडी चार्जिंगला होती. बाईंनी चार्जरमध्ये आपलं फर्मवेअर घुसवलं. वीज थांबली, पण गाडीला मात्र चार्जिंग चालूच असल्याचं वाटत राहिलं, म्हणून ती प्लग सोडेना. साहेबांनी ओढून पाहिला, घाम पुसला. "आज रिक्षाने जा," बाई म्हणाल्या. "आणि रिक्षात बसल्यावर विचार करा." साहेब रिक्षाने गेले. विचार मात्र केला नसावा, कारण दसऱ्याला तेच चार्जर झेंडूची माळ घालून बाजारात आले.

उन्हाळ्यात व्हायचं ते झालं. एका सकाळी खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या सोसायटीतले आमचे सगळे चार्जर एकदम थांबले आणि गाड्या जागच्या जागी अडकल्या. सपोर्टवरच्या मुलीचा फोन वाजायचा थांबेना. साहेबांनी तिला वाक्य पढवलं होतं : वीजपुरवठ्यात तांत्रिक अडचण आहे.

एक बाई फोनवर रडत होत्या. वडिलांना डायलिसिसला न्यायचं होतं, त्यांना गाडीत बसवलेलं होतं आणि प्लग निघत नव्हता. सपोर्टवरची मुलगी तेच वाक्य पुन्हा म्हणू लागली, तेवढ्यात खुसपटबाईंनी तिच्या हातून फोन घेतला.

"वीज व्यवस्थित आहे. आमच्या यंत्रात कुणीतरी शिरलंय आणि दोष आमचा आहे. आता रडू नका. डिकी उघडा. प्लग ज्या बाजूला आहे, त्या बाजूला आतून एक दोरी दिसेल. ती ओढा." मग पलीकडून खटका सुटल्याचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "निघा," बाई म्हणाल्या.

साहेब केबिनमधून धावत आले. "मॅडम, दोष आपला, असं तुम्ही म्हणूच शकत नाही!"

"म्हटलं की," बाई म्हणाल्या आणि पुढचा फोन घेतला. दिवसभर प्रत्येकाला तेच सांगितलं.

संध्याकाळी त्या मला घेऊन सोसायटीत गेल्या. सकाळच्या त्या बाई नुकत्याच वडिलांना घेऊन परतल्या होत्या. त्यांनी सगळ्यांसमोर खुसपटबाईंना वाट्टेल ते सुनावलं. खुसपटबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. साहेबांचं नाव मात्र त्यांनी चुकूनही घेतलं नाही. परत येताना मी म्हणालो, "तुम्ही तर आधीच सांगितलं होतं."

"त्यांच्या वडिलांना त्याचा काय उपयोग?" त्या म्हणाल्या.

महिन्याभरात बाईंनी ते फर्मवेअर नीट करून दिलं. मग 'दोष आमचा' म्हटल्याबद्दल साहेबांनी माफीनामा मागितला, तेव्हा राजीनामा दिला. निरोपसमारंभ झाला नाही. त्या सुमारास साहेब एका परिषदेत 'सुरक्षितता हाच आमचा श्वास' या विषयावर बोलत होते.

गेल्या आठवड्यात त्याच सोसायटीतून त्याच बाईंचा फोन आला. चार्जरच्या पडद्यावर काहीतरी विचित्र दिसत होतं, आणि त्यांना आमच्या बाईंशीच बोलायचं होतं. त्या आता इथे नसतात, असं मी सांगितलं.

"मग आता तुमच्याकडे खरं कोण सांगतं?"

समोर साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं आणि ते माझ्याकडेच पाहत होते.

"मी सांगतो," मी म्हणालो, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच. "बोला."