मावसाजींचा उजवा हात

भंडारा जिल्ह्यात ज्याच्या घराला भिंत आहे, त्या प्रत्येकाला आमच्या मावसाजींनी कधी ना कधी सल्ला दिलेला आहे. ज्यांनी तो नुसता ऐकला आणि काम दुसऱ्याकडून करून घेतलं, त्यांची घरं आजही ठणठणीत उभी आहेत. अडचण त्यांची झाली, ज्यांच्याकडे सल्ला देऊन झाल्यावर मावसाजी शर्ट काढून स्वतः कामाला लागले.

आमचं घर या दुसऱ्या यादीतलं. कोंढ्याला मातीच्या भिंतींची, कवेलूंची, म्हणजे कौलांची, एक खोली आणि पुढे छपरी, एवढाच आमचा संसार. बाबा तलावात मासे धरतात, आई लोकांच्या बांध्यांत धानाच्या रोवण्याला जाते. खोलीला खिडकी म्हणून नव्हती. ज्या आढ्याला बाबांचं जाळं टांगलेलं असे, त्याच आढ्याला माझं दप्तर. त्यामुळे पवनीच्या कॉलेजात पहिलं वर्षभर माझ्या वह्यांना मासळीचा वास यायचा आणि बाकावर माझ्या शेजारी बसायला कधी कोणाची भांडणं झाली नाहीत. पावसाळ्यात घरातली एकच जागा कोरडी राहायची, ती म्हणजे तांदळाची कोठी. पुस्तकंही तिच्यातच. आई अंदाजाने आत हात घालायची आणि तांदळाऐवजी राज्यशास्त्र वर यायचं. तरी दुसऱ्या वर्षाच्या दोन वह्या भिजून लगदा झाल्याच. आमच्या घरात दहावीच्या पुढे माझ्याआधी कोणी गेलं नव्हतं. हे सांगायला मी लाजत नाही. लाजायचंच असेल तर त्या कवेलूंनी लाजावं.

मावसाजी म्हणजे आईच्या मोठ्या बहिणीचे यजमान, राहणार नाकाडोंगरी. रोहिण्या लागल्या, पाऊस तोंडावर आला की दोन गाड्या बदलून ते आमच्याकडे कवेलू फेरायला हजर. खांद्यावर पिशवी, पिशवीत करवत, रंधा, थापी आणि गूळ. टेप मात्र कधी नाही. एका वर्षी तर खांद्यावर अख्खी खिडकी घेऊन ते एसटीत चढले. कंडक्टरने खिडकीचं तिकीट मागितलं. मावसाजींनी शांतपणे त्याला विचारलं, “तुमच्या गाडीलेही चाळीस खिडक्या हायेत जी, त्यायचं तिकीट कोन काढते?” असं ते स्वतःच सांगतात, त्यामुळे शेवटी तिकीट काढावं लागलं का, हे आजवर कळलेलं नाही.

सल्ला मात्र चोख. टिनाचा खिळा उंचवट्यावर मारायचा, खोलगटीत नाही, कारण पाणी खोलगटीतून वाहतं. किवाड पावसात फुगलं म्हणून लगेच रंध्याखाली धरायचं नाही, नाहीतर उन्हाळ्यात त्याच फटीतून मांजर ये-जा करतं. सिमेंटच्या कामाला पाणी मारायचं ते आपल्याला कंटाळा आला की अजून एक आठवडा. हे सगळं मी आज डोळे मिटून म्हणून दाखवीन. फक्त माकडांच्या बाबतीत त्यांचं शास्त्र चालत नसे. कवेलू फोडणाऱ्या माकडांवर उपाय म्हणून त्यांनी एकदा सगळ्या छपरावर बोरीच्या काटेरी फांद्या पसरल्या. माकडांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकेक उचलून अंगणात टाकल्या, आणि आठवडाभर आम्हीच टाचा वर करून चालत होतो. मावसाजी म्हणाले, माकड तेच आहे, काटे जुने निघाले.

आता हाताबद्दल. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मावसाजींचा उजवा हात बरोबर दीड फूट होता. एक केस कमी नाही, एक केस जास्त नाही. नाकाडोंगरीचे मिस्त्री नवी टेप आणली की आधी त्यांच्या हातावर लावून पाहत, टेप खरी आहे की खोटी. मी बारावीत होते त्या वर्षी आमच्या छपरावर, नेमकं माझ्या अंथरुणाच्या वरचं कवेलू बदलताना, पायाखालचा बांबू मोडला आणि मावसाजी कवेलूंसकट खाली आले. हात मोडला. आई दवाखाना दवाखाना म्हणत राहिली, ते हाड बसवणाऱ्या एका वैदूकडे गेले. त्याने तो बसवला, पण जरा वाकडा बसवला. आणि त्या दिवसापासून आमच्या पाहुण्यांच्या घरांची मापं बिघडली.

हात आखूड झाला की मोजलेला आकडा मोठा निघतो. मावसाजी भिंतीतलं भोक आपल्या हाताने मोजणार, आकडा फोनवर सुताराला सांगणार, सुतार टेप लावून इमानदारीने तेवढी चौकट करणार. ती भोकात जात नसे. मग भिंत फोडा. माझ्या मावसभावाच्या नवीन घरात तीन खिडक्यांसाठी एवढी भिंत फोडली गेली की चौथी खिडकी आपोआप तयार झाली. याचं कारण मावसाजींकडे तयार होतं. “हात तोच हाय. भिंतीच आकसून राहिल्या,” ते म्हणत. आणि ओली माती वाळताना कशी आकसते, हे बोट वर करून समजावत. आमच्या गाईसाठी त्यांनी घरामागच्या सांदवाडीत शेड केलं. गाईला सहा हात टिन पुरतं, हा त्यांचा जुना हिशोब, आणि तो खराही होता. पण टिन मोजलं नव्या हाताने. तेव्हापासून पावसात गाईचं तोंड कोरडं असतं आणि शेपूट ओलं. मावसाजींच्या मते गाय लांब झाली होती.

माझं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधी बाबांनी ठरवलं, पोरीसाठी एक कोरडी खोली काढायची. एका पडक्या घराच्या विटा मिळाल्या, टिना आल्या. बाबांनी भिंती उभ्या केल्या, लांबी दोरी लावून वळचणीसकट आठ हात धरली, खिडकीला भोक ठेवलं. आता टिना कापायच्या आणि खिडकी बसवायची होती, आणि मावसाजी पिशवी घेऊन दारात उभे होते. मी मनात गणित केलं. दर हाताला दोन बोटं, म्हणजे आठ हातांत एक फूट. वीतभर वळचण तर जाणारच, वर उरलेली फट नेमकी माझ्या टेबलावर उघडी पडणार. टिन एकदा कापलं की जोडता येत नाही, आणि दुसऱ्या टिना येणार नव्हत्या. म्हणजे शेवटचं वर्षही कोठीतच.

बाबांना म्हटलं, यावेळी टेप लावा ना. बाबा जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, “त्यायले काही म्हनू नको. तो हात आपल्या घरावर मोडला.”

म्हणजे विषय संपला. पण मी शिकलेली होते ना. दुपारी मावसाजी छपरीत जेवून घोरत पडले. मी शेजारच्या शिलाईवाल्या काकूंकडून कापडी टेप आणली आणि त्यांचे दोन्ही हात मोजले. उजवा साडेसोळा इंच, डावा अठरा. मोजताना त्यांनी डास समजून माझ्या हातावर एक चापटही मारली. मग मी बांबूची अठरा इंचांची काडी कापली, चाकूने गुळगुळीत केली, आणि ते उठून चहा पीत बसल्यावर त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, “मावसाजी, वाकू वाकू मोजून तुमची कंबर दुखते. ही तुमच्या हाताचीच काडी हाय.”

मावसाजींनी काडी उचलली आणि उजव्या हातावर ठेवली. ती बोटांच्या पुढे दोन बोटं निघाली. मग डाव्या हातावर ठेवली. बरोबर बसली. बाबा तलावावर गेलेले, आई सांदवाडीत. मावसाजींनी काडी मांडीवर आडवी ठेवली. मला वाटलं, आता पिशवी उचलतात आणि नाकाडोंगरीची गाडी धरतात.

“डाव्या हाताची घेतली का वं?”

मी मान डोलावली.

“मले मालूम नाही का बाई? पन हात चुकते म्हटलं असतं तं तुझ्या बापाले लागलं असतं. भिंतीले का लागते?”

डावा हात का नाही लावला मग, मी विचारलं. ते म्हणाले, डावा लावला असता तर तुझ्या बापाने ते पाहिलं असतं. चहाचा शेवटचा घोट घेतला आणि सांदवाडीकडे बघून म्हणाले, “गायीनं मात्र खूप सोसलं जी.”

काडीने खिडकीचं भोक मोजलं आणि टिना कापल्या. भिंतीच्या बाहेर वीतभर निघाल्या, जेवढ्या निघायला पाहिजेत तेवढ्याच. आठ दिवसांनी मावसाजी ती एसटीतली खिडकी खांद्यावर घेऊन पुन्हा आले. चौकट भोकात अशी सरकली, जशी पेटीत वही. बाबा भिंतीला हात लावून बघत राहिले, फोडायची नाही का, म्हणून. मावसाजींनी गंभीरपणे सांगितलं की यंदा माती चांगली लागली, भिंती आकसायच्या थांबल्या. बाबांच्या तोंडावर काय होतं ते सांगायला मला अजून शब्द सापडलेले नाहीत. त्यांनी फक्त आईला हाक मारून सांगितलं, भाऊजींसाठी आज मोठी मासळी काढ.

आता मावसाजी छपरावर चढत नाहीत. गुडघ्यांनी नकार दिलाय, आणि दोन गाड्या बदलणंही होत नाही. मागच्या वर्षी आले तेव्हा दिवसभर माझ्या खिडकीखाली खाट टाकून माकडांना सल्ला देत बसले होते. काडी खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेली आहे. रोहिण्या लागल्या की फोन येतो. हालहवाल काही नाही, सरळ विचारतात, किवाड लागते ना? मी म्हणते, लागते जी. मग ते फोन ठेवतात.

कॉलेजच्या त्या शेवटच्या वर्षी खोलीत एक थेंब पडला नाही. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली.