शेणातली नोकरी आणि बाबांचा चहा

मी जन्मले तुळजापुरात पुजाऱ्याच्या घरात आणि नोकरीला लागले लोहाऱ्यात, जनावरांच्या दवाखान्यात. दोन्हीकडं माणसं अडचण घेऊन येतात आणि मनातलं सगळं बोलून जातात. किस्से गोळा करायला मला वेगळं कुठं जावंच लागत नाही!

सुरुवात सातवीत असताना झाली. दर्शनाला येणारे भक्त आमच्याच घरी उतरायचे. एकदा तामलवाडीची एक आजी गाभण शेळी घेऊनच आली. "घरी बघाया कोण न्हाय," म्हणाली. बाबा देवळात होते आणि शेळी अंगणातच अडली! आजीनं सगळ्यांचे हात बघितले आणि मला म्हणाली, "तुझा हात बारीक हाय. ये हिकडं."

करडू बाहेर आलं, शिंकलं, आणि माझं ठरलं. बाबा परत आले तेव्हा मी करडू मांडीवर घेऊन बसलेली. ते एवढंच म्हणाले, "आधी आंघोळ कर!"

*

"डॉक्टरच व्हायचंय तर माणसांची हो की!" असं बाबा मी कॉलेजात नाव घालेपर्यंत म्हणत राहिले. मी ऐकलं नाही. मग पाहुण्यांना ते सांगायचे, "मुलगी डॉक्टर आहे." समोरच्यानं 'कशाची' विचारायच्या आत म्हणायचे, "चहा घ्या!" त्या वर्षी आमच्याकडं चहा लई उठला.

*

लोहाऱ्यातला पहिला दिवस. एक धनगरबाबा मेंढा घेऊन आले.

"डॉक्टर कुठायत?"

"मीच."

"मोठं कुणी न्हाय का?"

तेवढ्यात मेंढा दोरी तोडून पळाला. मी धावत जाऊन त्याला शिंगांना धरून खाली बसवलं, सुई टोचली. धनगरबाबांनी तिथल्या तिथं गावाकडं फोन लावला, "बाई हाय, पर धरती झ्याक! आण तुझाबी!"

*

माझ्या बाबांचं मात्र एकच पालुपद. "दिवसभर शेणात हात! बँकेत बघ, एसी असतो." गेल्या नवरात्रात तर म्हणाले, "दसरा झाला की बँकेच्या परीक्षेला बस, माझ्यासाठी." मला खरंच रडू आलं. नोकरी मी सोडणार नव्हते, पण बाबांनी एकदा तरी 'बरं केलंस' म्हणावं, एवढीच आशा होती. आई म्हणाली, "त्यांच्या तोंडून? वाट बघ!"

त्यात भक्तांनी अजून घोळ केला. मी सुट्टीला आले की पूजा बाबांकडं आणि गर्दी माझ्याकडं! कुणी मोबाईलवर गाईचं खूर दाखवतंय, कुणी गोचिडांचं औषध विचारतंय. बाबा ओसरीवरून ओरडायचे, "अहो, हे देवीचं ठाणं आहे, दवाखाना नव्हे!"

*

दसरा झाला. बँकेचा विषय बाबांनी काढला नाही, मीही काढला नाही. पुढच्या मंगळवारी लोहाऱ्याकडचे एक तात्या जोडीनं पूजेला आले. मी सुट्टीला आलेली, आतल्या खोलीत पोहे खात होते. ओसरीवर बाबांनी तात्यांच्या हातावर पाणी सोडलं, नाव-गोत्र म्हटलं आणि विचारलं, "काय मागायचंय देवीला?"

तात्यांनी हात जोडले. "दुसरं काय न्हाय महाराज, म्हस गाभण ऱ्हाईना. तेवढं आईच्या कानावर घाला."

बाबांनी हातातली पळी खाली ठेवली. माझा घास हातातच राहिला.

"त्याच्यासाठी देवीला कशाला त्रास देता, तात्या?" बाबा म्हणाले. "तिच्याकडं दुसरं काहीतरी मागा. म्हशीचं बघायला आत आमची डॉक्टर बसलीय."