बाराच्या आत रोहण्याला

वर्ध्याच्या एस.टी. स्टँडवर त्या सकाळी आम्ही तिघं उभे होतो आणि सगळा स्टँड एकाकडेच बघत होता. माझ्याकडे नव्हे. मी रत्नागिरीकडचा, हिंदीत एम.ए. करायला एवढ्या लांब येऊन पडलेला साधा विद्यार्थी. प्रफुल्लकडेही नव्हे, तो ह्याच जिल्ह्यातला, आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा. लोक बघत होते भन्ते धम्मसिरींकडे. श्रीलंकेहून हिंदी शिकायला आलेले हे तरुण बौद्ध भिक्षू. अंगावर तपकिरी चीवर, खांद्याला झोळी, झोळीत जेवणाचं पात्र. नवं शतक लागून चारपाच वर्षं झाली होती, तरी परदेशातला विद्यार्थी आमच्या वर्गात अजून नवलाईचाच होता.

वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेत आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. एकीत मी आणि प्रफुल्ल, दुसरीत भन्ते. मी तसा खादाड माणूस. त्यामुळे भन्तेंच्या एका गोष्टीनं माझी छाती सगळ्यात जास्त दडपायची: दुपारी बारानंतर हा माणूस दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्नाला शिवत नसे. घरापासून दोन हजार किलोमीटर लांब, भाषा परकी, डिसेंबरची थंडी, आणि संध्याकाळी नुसता बिनदुधाचा चहा. त्यांच्यापुढे मी पहिल्या आठवड्यातच हात टेकले होते.

प्रफुल्लच्या कौसल्याआत्यानं भन्तेंना जेवायला बोलावलं होतं. गावात भिक्षू याआधीही येऊन गेले होते, पण ते उतरायचे विहारात आणि जेवायचे पुढाऱ्यांकडे. आत्याच्या घरी कुणी कधी आलं नव्हतं. "माह्या घरी, माह्या हातचं," एवढाच तिचा निरोप होता. दुसऱ्या दिवशी अकराला भन्तेंची तोंडी परीक्षा होती. ती हुकली तर वर्ष वाया जाणार होतं. म्हणून बेत साधा आखला: सकाळी आठची बस, साडेदहाला रोहणा, अकराला जेवण, संध्याकाळी परत.

बस आंजीच्या पुढे गेली आणि मी खिडकीला चिकटलो. आमच्या कोकणात कुठंही उभं राहा, समोर डोंगर तरी येतो नाहीतर माड तरी. इथं नजरेला अडवायला काहीच नाही. काळीभोर जमीन, तिच्यावर पऱ्हाटी (कपाशीची झाडं) आणि बोंडांतून फुटलेला पांढरा कापूस, थेट आभाळ टेकतं तिथपर्यंत. वावरावावरांत (शेताशेतांत) कंबरेला ओटी बांधून बायका वेचणी करत होत्या. एवढी मोकळी जमीन मी जन्मात पाहिली नव्हती. मला जरा भीतीच वाटली. भन्तेही बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हमारे यहाँ इतना आकाश एक साथ नहीं दिखता."

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं मागं वळून विचारलं, "कोन्या गावचे होय भन्तेजी?"

"श्रीलंकेचे," प्रफुल्ल म्हणाला.

"बापा! लंकेतून आर्वीले येवाले येळ किती लागते?"

"आर्वीले नाई बाबा, रोहण्याले चाल्लो आमी."

"मंग तं आखीन येळ लागीन," म्हातारा गंभीरपणे म्हणाला.

त्याचं म्हणणं खरं ठरलं, आणि ते माझ्यामुळे. आर्वीला बस बदलायची होती. रोहण्याची गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि स्टँडबाहेरच्या गाड्यावर आलुबोंडे तळले जात होते. इकडे आलुबोंड्यावर लालभडक तर्री (मसालेदार रस्सा) ओततात. मी "आलोच" म्हणून गेलो. पहिला खाल्ला, नाकातून पाणी आलं, म्हणून दुसरा मागितला. परत आलो तेव्हा प्रफुल्ल डोक्याला हात लावून बसला होता. मला शोधायला ते दोघं खाली उतरले होते आणि गाडी निघून गेली होती. पुढची साडेअकराची. भन्तेंनी बाकावर सरकून मला जागा करून दिली. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रोहण्याला उतरलो तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. आत्याच्या घरापर्यंत चालायला आणखी पाच. सगळी गल्ली झाडून काढलेली, दारापुढं रांगोळी, आणि दारात पाण्याचा लोटा घेऊन उभी असलेली आत्या. काटक, काळीसावळी, चोपन्नपंचावन्न वर्षांची बाई, अंगावर नवं पांढरं लुगडं. तिनं घड्याळ पाहिलं नाही. मान वर करून सूर्य पाहिला. मग "जय भीम" म्हणाली आणि भन्तेंच्या पायांवर पाणी घातलं.

आत पांढरं कापड अंथरलेलं होतं. पातेली झाकून ओळीनं मांडलेली. गव्हाची खीर, वांग्याची भाजी, सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी, ज्वारीच्या भाकरी. भन्ते हात जोडून तसेच उभे राहिले.

"दहाच मिनिटं झालीत," मी म्हणालो. "एवढ्यानं काय होतंय?"

प्रफुल्लनं मला चिमटा काढला. पण उत्तर आत्यानंच दिलं. "नाई बापू. नेम म्हंजे नेम. मले मालूम हाये." एवढं म्हणून तिनं एका पातेल्यावरचं सरकलेलं झाकण नीट केलं. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "येऊन न जेवता गेलेले लय पाह्यले म्या. मी लहान होतो तवा मास्तर यायचे, शाळेत पाठवा म्हून सांगाले. चांगला मानूस. पन उभ्यानंच बोले, अंगनातूनच. माय पानी घेऊन उभी राहे, आन् ते म्हनत, नको, आताच पेलो. रोजच आताच पेलेले राहत. छप्पन साली बाबाच्या खांद्यावर बसून नागपूरले गेलतो मी, दीक्षेले. तवापासून मनात होतं. बाहेरचं कोनी यावं, आपल्या घरी बसून जेवावं. भन्तेजी तसे नाई, समजते मले. पन जीव मानत नाई."

माझ्या घशात तर्री पुन्हा पेटली. गप्प बसणं शक्यच नव्हतं. "आत्या, उशीर माझ्यामुळे झाला," मी म्हणालो.

"काऊन? का झालं?"

"आर्वीला आलुबोंडा खात बसलो. दोन खाल्ले."

आत्यानं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. ते कशाचं होतं, ते मला सांगता येणार नाही. "बरा होता का मंग?" तिनं विचारलं.

प्रफुल्ल आत्याचं बोलणं भन्तेंना हिंदीतून सांगत होता. भन्ते ऐकत होते. नंतर त्यांनी आपल्या पुस्तकी हिंदीत, एकेक शब्द जपून ठेवत, विचारलं, "क्या मुझे आज रात्रि विहार में विश्राम करने की अनुमति मिलेगी?"

"आणि परीक्षा?" प्रफुल्ल दचकून म्हणाला.

"परीक्षा ग्यारह बजे है," भन्ते म्हणाले. "सूर्य तो बहुत पहले निकलता है।"

"का म्हनते?" आत्यानं विचारलं.

"राहतो म्हणते, आत्या. उद्या उजाडल्यावर जेवतो म्हणते तुझ्या घरी."

आत्या उंबऱ्यावरच बसली. क्षणभरच. लगेच उठून शेजारणीला हाक मारली, "शांते, वांगे आन वं आखीन!" भन्तेंना तिनं गुळाचं पाणी दिलं, ते त्यांना चालत होतं. मला ताट वाढलं. "मला नको," मी म्हणालो. "जेवा बापू, तुमच्यासाठी बारा वाजत नसतेत," ती म्हणाली. मी जेवलो. खोटं का बोलू, पोटभर जेवलो. तिनं स्वतः मात्र घास घेतला नाही. "उद्या," म्हणाली.

सकाळी मला धुराच्या वासानं जाग आली. बाहेर थंडी मी म्हणत होती. आत्याच्या अंगणात सगळी गल्ली जमली होती. डोक्यावरून चादरी, टॉवेल, पदर. भन्ते विहारातून आले आणि पात्र घेऊन अंगणात उभे राहिले. पूर्वेला कपाशीच्या वर एक फिकट पट्टा उमटला होता, पण उजेड म्हणावा असा नव्हता. "केव्हा उजाडलं म्हणायचं?" मी हळूच विचारलं. भन्तेंनी सांगितलं, उभ्या माणसाला स्वतःच्या तळहातावरच्या रेषा दिसू लागल्या की उजाडलं.

प्रफुल्लनं ते मोठ्यानं सांगितलं आणि काय झालं ते मी अजून विसरलेलो नाही. अंगणातल्या सगळ्यांनी हात पुढं केले. म्हातारे, बायका, शेंबडी पोरं, तीसचाळीस माणसं थंडीत कुडकुडत आपापला तळहात डोळ्यांसमोर धरून बघत होती. "मले दिसल्या," एकजण म्हणाला. "खोटं बोलू नोको," दुसऱ्यानं दटावलं. मीही माझा हात बघत होतो. एवढ्या काळजीनं मी उजेडाची वाट कधी पाहिली नव्हती.

आत्यानं आपला हात उलटसुलट करून पाहिला. "माह्या रेघा तं कापूस येचता येचता घासून गेल्या," ती म्हणाली. "माह्या हातावर कुठं उजाडते आता!"

भन्तेंना ते समजलं की नाही, मला माहीत नाही. ते पुढं आले आणि त्यांनी आपला तळहात उघडून तिच्यासमोर धरला. आत्या वाकली. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि मग इतक्या जोरानं म्हणाली की झाडावरचे पक्षी उडाले, "दिसून राह्यल्या! साऱ्या दिसून राह्यल्या!"

भन्ते आत जाऊन बसले. तिनं आपल्या हातानं पात्रात खीर वाढली, वांगं वाढलं, भाकरी वाढली. ते सावकाश जेवले. वांगं त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. दाराबाहेर सगळे माना उंचावून बघत होते. ते उठले तेव्हा पहिलं ऊन उंबऱ्यावर आलं होतं.

सातची गाडी मिळाली. परीक्षेला वेळेवर पोहोचलो आणि भन्ते पासही झाले.

मे महिन्यात मी घरी गेलो. विदर्भातलं काय काय सांगू असं मला झालं होतं, आणि आई सगळं ऐकून घेत होती. रोहण्याचं सांगत असताना माझी नजर पडवीतल्या कोनाड्याकडे गेली. तिथं एक पेला पालथा असायचा. गड्यामाणसांना पाणी द्यायचा पेला, तो घरात यायचा नाही. लहानपणापासून तो मी रोज पाहत होतो आणि एकदाही काही विचारलं नव्हतं. कापसाच्या रानाकडे डोळे फाडून पाहणारा मी, माझ्याच पडवीत आंधळा होतो. मी उठलो, पेला घेतला, आत माठापाशी गेलो आणि त्याच पेल्यानं पाणी प्यायलो. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी पेला विसळायला निघालो तेव्हा तिनं तो माझ्या हातातून घेतला, स्वतः घासला आणि घरातल्या भांड्यांच्या फळीवर ठेवला.