झेंडूच्या भारोभार

दसऱ्याचा दिवस मीच सुचवला होता. त्या प्रकरणाची चौकशी झाली, कागद झाले, एक माणूस तारांच्या कुंपणाआड गेला. पण ही गोष्ट कुठल्याच कागदात आली नाही. मला कुणी ती विचारलीच नाही. आणि जे विचारलं त्याचं मी खोटं उत्तर दिलं.

मी मूळची राजापूरकडची. चौथीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी पांढरं कपाळ. लांबचे एक मामा अमरावतीला टपालात होते. त्यांनी मला आणून तिथल्या बायकांच्या इस्पितळात सुईणीच्या कामाला लावलं, आणि दोन वर्षांनी एका लहानशा गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून नेमणूक झाली. मूर्तिजापूरला उतरायचं आणि छोट्या गाडीनं पुढे जायचं. समुद्राच्या माणसाला ती काळी, भेगाळलेली जमीन बघून पहिले सहा महिने जीभ कोरडी पडायची. पण पोटाला मिळत होतं. त्या मामांचे उपकार मी जन्मभर मानले, आणि ही नोकरी जाईल या धास्तीत जन्मभर राहिले. अजूनही सरकारी पाकीट आलं की उघडायच्या आधी मी पाणी पिते.

गावात पोलीस ठाण्याच्या नेमकं समोर एक कौलारू घर होतं. लढाईच्या दिवसांत सरकारनं ते भाड्यानं घेतलं आणि त्यात एक गोरा आणून ठेवला. इटलीचा. डॉक्टर होते, चित्रं काढायचे, लिहायचेही. आपल्या देशातल्या हुकूमशहाविरुद्ध लिहिलं म्हणून तिकडच्या सरकारनं त्यांना आधी तुरुंगात घातलं, मग डोंगरातल्या एका दरिद्री खेड्यात नेऊन टाकलं. तिथून सुटल्यावर ते देश सोडून आपल्याकडे आले आणि अमरावतीकडच्या एका मिशनच्या इस्पितळात लोकांचे डोळे तपासू लागले. मग इटली इंग्रजांविरुद्ध लढाईत उतरली. झालं. हा माणूस इटलीचा, म्हणजे शत्रूचा. ज्या सरकारनं त्यांना छळलं, त्याच सरकारचा माणूस म्हणून इथं धरलं. ठाणेदारांना कुणी हे समजावून सांगितलं की ते म्हणायचे, "मले समजते हो. पन तसा रकानाच नाही ना कागदात."

अटी तीन होत्या. रोज सकाळी ठाण्यात सही करायची. नदीचा पूल ओलांडायचा नाही. आणि कुणालाही तपासायचं नाही, औषध द्यायचं नाही.

आमच्या दवाखान्याचे डॉक्टर आठवड्यातले चार दिवस अकोल्याला असत. तिथं त्यांचं बिऱ्हाड होतं आणि खासगी रोगीही. अशा गावात तो माणूस आणून ठेवणं म्हणजे तहानलेल्या आळीत विहीर खणून तिच्यावर झाकण घालण्यासारखं होतं. लोक त्यांच्या ओट्याशी येऊन नुसते बसायचे. ते हात जोडून म्हणायचे, "नोको. मले नोको सांगू." मराठी त्यांनी गावातच उचलली होती, म्हणून ती अस्सल वऱ्हाडी होती. मी कोकणातली, माझ्यापेक्षा तेच गावचे वाटायचे.

चित्रं मात्र काढायची मुभा होती. कापसाच्या जिनातून फाटकं बारदान आणायचे, त्याला डिंक नि चुना लावायचे, आणि हळद, गेरू, नीळ, काजळी यांत तेल कालवून त्यावर माणसं काढायचे. एकदा ठाणेदार हौसेनं बसले. चित्र बघून म्हणाले, "मिशी जरा दाट कर ना साहेब."

"जेवढी हाय तेवढीच काढतो."

"मंग राहू दे. घरी बायको पाहीन तं म्हनन, खरंच हाय."

त्यांच्या वह्या दर महिन्याला तपासणीला अकोल्याला जायच्या. तिथं ती भाषा कुणालाच येत नसे. पानापानावर शिक्का मारून परत यायच्या.

आता माझी चोरी सांगते. मला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. बाटल्या मी रंगावरून आणि फळीवरच्या जागेवरून ओळखायची. अमरावतीला मोठ्या नर्सबाई शेजारी असत, म्हणून ते निभावलं. इथं मी एकटी. गोऱ्या डॉक्टरांना हिवताप झाला होता, म्हणून त्यांना दवाखान्यात औषधाला यायची परवानगी होती. एके दिवशी झाडूवाल्यानं फळ्या पुसून बाटल्या इकडच्या तिकडे लावल्या. मी त्यांच्या पेल्यात औषध ओतलं. त्यांनी पेला नाकाशी नेला, खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, हे तं फरशी पुसाचं हाय."

मी म्हटलं, साहेब, डॉक्टरांना सांगू नका, माझं कुणी नाही. त्यांनी कपाटातली योग्य बाटली स्वतः काढून घेतली. दुसऱ्या दिवशी औषधाला आले ते ब्रश घेऊन. जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर त्यांनी एक अक्षर काढलं, मोठं, निळीचं, आणि बोटानं तसंच अक्षर एका बाटलीवर दाखवलं. रोज एक अक्षर. महिन्याभरात मला फळीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या लागू लागल्या. त्यानंतर शब्द. 'नर्स' हा शब्द त्यांनी मला लिहून दिला तेव्हा मी तो घरी जाऊन पुन्हा पुन्हा वाचला. शाळा सुटल्यावर मला कुणी काही शिकवलं असेल तर ते त्यांनी.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, नदीकाठच्या मळ्यातली माळीण चार वर्षांची पोर उचलून धावत आली. त्यांचा झेंडूचा नि वांग्यांचा मळा होता, दवाखान्याला भाजी त्यांचीच यायची. पोरीला घटसर्प झाला होता. घशात पडदा धरलेला, ओठ काळेनिळे, छाती नुसती आत ओढली जात होती.

"बाई, पोरगी श्वासच घेऊन नाही राह्यली. डॉक्टर कुठी हाय?"

डॉक्टर अकोल्याला होते. हत्यारांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. मी रस्ता ओलांडून गोऱ्या डॉक्टरांच्या ओट्यावर गेले आणि म्हटलं, "चला." एवढंच. त्यांनी एकदा ठाण्याकडे पाहिलं. दारातला शिपाई पेंगत होता. ते ब्रश तसाच टाकून आले.

कपाट मी उघडलं. पोरीचं डोकं मी धरलं. त्यांनी गळ्याच्या खाली, मधोमध, छोटी चीर दिली आणि रबराची नळी आत बसवली. शीळ घातल्यासारखा आवाज आला, आणि पोरीच्या गालाला रंग आला. माळीण भिंतीला पाठ लावून काहीतरी पुटपुटत होती. बाप संध्याकाळच्या गाडीनं जाऊन अकोल्याहून घटसर्पावरच्या सुईचं औषध घेऊन आला. नळी रोज मी साफ केली. दहाव्या दिवशी पोरीनं भाकरीचा तुकडा मागितला.

मी माळ्याच्या घरी हात जोडून सांगितलं होतं की कुणाजवळ बोलू नका, त्या माणसाला बंदी आहे. आणि खरोखर महिनाभर चकार शब्द बाहेर गेला नाही. मग एक दिवस माळीण दोडकी घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली.

"बाई, मी नवस बोलली होती. अंबाबाई, पोरगी वाचू दे, ज्याच्या हातानं वाचन त्याच्या दारात तिले झेंडूच्या भारोभार तोलीन."

मी म्हटलं, "देवळात जाऊन तोल. देवी समजून घेईल."

"देवळात म्हनली असती तं देवळात तोललं असतं. मी त्याच्या दारात म्हनली."

"मग दार लावून, आत तोल."

"नवस काय चोरून फेडते कोनी? चारचौघांत नाही फेडला तं फिटतच नाही. आन देवी मंग काय करन, पोरगी वापस मांगन?"

हे ती धमकी म्हणून बोलली नव्हती. तिला खरोखर भीती होती. माझीही भीती खरीच होती. त्या दोन भीतींच्या मध्ये मी एक शहाणपणा केला. मी म्हटलं, "असं कर, दसऱ्याला जा. त्या दिवशी गावात प्रत्येक दारावर झेंडू असतो, तुझा कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. सकाळी जा, चार ओंजळी दारात ठेव, पोरीला पाया पडू दे आणि परत ये."

तिनं मान डोलावली. मला वाटलं, तिनं ऐकलं. तिनं फक्त दसरा ऐकला.

दसऱ्याला झेंडूला कधी नव्हे तो भाव येतो. माळी वर्षभर त्या एका सकाळीकडे डोळे लावून बसतो. त्या वर्षी त्यांच्या मळ्यातलं एक फूल बाजारात आलं नाही. चार वाजता, सोनं लुटायला अख्खा गाव रस्त्यावर असताना, डफडं वाजवत त्यांची बैलगाडी आली. गाडीत फुलांचा डोंगर, त्यावर नवं परकर-पोलकं घातलेली पोर, आणि मागे दोन गडी कांद्याच्या अडत्याचा काटा खांद्यावर घेऊन. ठाण्यासमोर त्या घराच्या ओट्यावर त्यांनी काटा टांगला. पोर पारड्यात बसायला घाबरली, रडू लागली. माळिणीनं गर्दीतून मला हुडकून काढलं.

"बाई, तुमीच धरा तिले. तुमाले वळखते."

मी गेले. कशी गेले ते मला सांगता येत नाही. एका पारड्यात पोर, तिचा हात माझ्या हातात, दुसऱ्या पारड्यात टोपल्यामागून टोपली. झेंडू हलका, पारडं उतरेना, फुलं ओट्यावरून खाली रस्त्यावर सांडली. गोऱ्या डॉक्टरांच्या गळ्यात एवढे हार पडले की हनुवटी दिसेना. आधी ते पोरासारखे हसत होते. मग त्यांनी ठाण्याच्या दाराकडे पाहिलं आणि नंतर माझ्याकडे, आणि त्यांचं हसू ओसरलं. पारडं समान झालं तेव्हा गाव ओरडला. ठाणेदारांनीही गूळ-खोबरं खाल्लं. खाता खाता म्हणाले, "साहेब, हे काहून झालं पन? आता मले लिवा लागन."

ठाणेदारांनी लिहिलं की नाही, मला माहीत नाही. आमच्या डॉक्टरांनी मात्र अकोल्याहून आल्या आल्या लिहिलं. त्यांच्या दवाखान्यातल्या रोग्याची तुला दुसऱ्याच्या दारात झाली होती.

चौकशीला अकोल्याहून पोलीस अधिकारी आले. मराठीच होते, बोलायला मऊ. आधी माळिणीला बोलावलं. बाहेर येताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "तुमचं नाव नाही घेतलं बाई. पन देवीपुढं विचारलं तं घीन."

मला खुर्ची दिली. साहेबांनी समोरचा कागद पाहत म्हटलं, "त्या इटालियन डॉक्टरांचा जबाब असा आहे की, ते आपणहून गेले. कपाट उघडं होतं, हत्यार त्यांनी स्वतः घेतलं. तुम्ही तेव्हा एका बाळंतिणीकडे गेला होतात. बरोबर?"

गोऱ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी खोटं आधीच रचून ठेवलं होतं. मला त्यावर फक्त मान हलवायची होती. मी बसले होते तिथून खिडकीतून त्यांचा ओटा दिसत होता, सुकलेला झेंडू अजून झाडला नव्हता. मी म्हटलं असतं, मी बोलावलं, मी कपाट उघडलं, एक पोर मरत होती. कदाचित काही फरक पडला नसता. बंदी त्यांनी मोडली होतीच. पण बोलावल्यावरून गेलेला डॉक्टर आणि उघड्या कपाटातून हत्यार उचलणारा शत्रू, यांत काही अंतर असतं, हे चौथी नापासालाही कळतं.

"बरोबर, साहेब," मी म्हटलं.

कागद इंग्रजीत होता. सही केली त्याच्या वरच्या ओळीत एक शब्द मला वाचता आला. 'नर्स'.

आठ दिवसांनी हुकूम आला. त्यांना दूरच्या छावणीत हलवलं. गाडी सकाळची होती. माळीण टोपली घेऊन ठेसनात गेली, पोरीलाही नेलं. मी दवाखान्यात बाटल्या पुसत बसले. शिटी ऐकू आली. त्या वर्षाच्या तपासणीत नोकरीच्या वहीत माझ्याबद्दल शेरा पडला: विश्वासू व कामसू. पुढल्या बढत्यांना तोच उपयोगी पडला. लढाई संपल्यावर ते आपल्या देशात परतले म्हणे. पत्र लिहायला मला पत्ता नव्हता, असं मी स्वतःला सांगत आले.

बरीच वर्षं गेली. मी अकोल्याला असताना ती पोर बाळंतपणाला माझ्याकडे आली. गळ्यावर आडवी बारीक रेघ, हसली की पांढरी व्हायची. माळीण त्याआधीच्या उन्हाळ्यात वारली होती. पोरीनं पिशवीतून एक घडी काढली, जुन्या बारदानाची. ठेसनात गोऱ्या डॉक्टरांनी ती माळिणीच्या टोपलीत फुलांखाली ठेवली होती. पुढे तिनं ती कैक वर्षं जवारीच्या कणगीवर झाकण म्हणून वापरली. "आई म्हने, चित्र सोलपटून गेलं पन पोतं मजबूत हाय."

आम्ही ते खाटेवर पसरलं. रंगाचे पोपडे निघाले होते, तरी सगळं ओळखू येत होतं. काटा. फुलांचा डोंगर. ठाणेदार गूळ खाताना, मिशी होती तेवढीच विरळ. पारड्यात रडवेली पोर, तिचा एक हात बाजूला पसरलेला.

"बाई, यात तुमी कुठी हाय? आई तं सांगे, तुमीच धरलं होतं मले."

मी पाहिलं. पोरीचा पसरलेला हात ओट्याच्या लाकडी खांबाला धरून होता. त्या घराच्या ओट्याला तिथं खांब नव्हता. ती जागा मला नीट माहीत होती, मी तिथं उभी होते.

"गर्दी होती गं," मी म्हटलं. "असेन मागं कुठंतरी."